पत्रादेवीच्या पलीकडे एमए

गोवा विद्यापीठातून समाजशास्त्राचं एमए करून मी २०२५च्या उन्हाळ्यात बाहेर पडले. तेव्हापासून सिंधुदुर्गातल्या मुलामुलींचे फोन येतायत आणि प्रश्न साधारण तेच असतात. कागद कोणते लागतात, हॉस्टेल मिळतं का, मराठी माध्यमातून आलेल्याला इंग्रजी झेपतं का, आणि शेवटच्या वर्षी तो लघुप्रबंध म्हणजे नक्की काय भानगड आहे. दरवेळी तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा एकदा क्रमाने लिहून टाकते.

२०२३च्या मार्चमध्ये बीएचं शेवटचं सत्र चालू होतं आणि घरात दोन पक्ष पडले होते. बाबा मुंबईच्या बाजूने. आमचा जिल्हा मुंबई विद्यापीठाखाली, त्यामुळे कागदांची कटकट कमी. शिवाय समाजशास्त्र शिकायचं तर तिथेच, कारण तो विभाग १९१९ सालचा, पॅट्रिक गेडीस यांनी सुरू केलेला, आणि १९२४पासून तो ज्यांनी सांभाळला ते गो. स. घुर्ये आपल्या मालवणचे. ही सगळी माहिती बाबांना मीच कधीतरी कौतुकाने दिली होती, ती अशी माझ्यावरच उलटली. आईचं गणित सरळ होतं. गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवी नाक्याच्या अलीकडे आमचं बांदा. तिथून मुंबई पाचशे किलोमीटर, पणजी पन्नास. शनिवारी मुलगी जेवायला घरी आली पाहिजे. आई जिंकली.

आता बांबोळीबद्दल. आमच्या भागात बांबोळी म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. मोठा अपघात, अडलेली बाळंतीण, छातीत आलेली कळ, सगळ्यांसाठी ॲम्ब्युलन्स सुटते ती तिकडे. विद्यापीठ तिथून जवळच, ताळगावच्या पठारावर. त्यामुळे मी बॅग घेऊन स्टँडवर दिसले की कोणीतरी आवाज खाली घेऊन विचारणार, "बांबोळीक कोण आसा गो?" मी शिकायला चाललेय हे पटायला लोकांना एक सत्र गेलं.

प्रवेशासाठी विद्यापीठाची स्वतःची परीक्षा असते, जीयू-आर्ट. फॉर्म ऑनलाइन भरायचा, परीक्षेला घाबरण्यासारखं काही नाही, बीएची पुस्तकं नीट वाचलेली असली की भागतं. खरी परीक्षा कागदांची. आणि त्यातला एक कागद असा, की त्याने मला समाजशास्त्राचा पहिला धडा वर्ग सुरू होण्याआधीच दिला.

आम्ही भंडारी. महाराष्ट्रात भंडारी ओबीसीत आहेत. गोव्यातही भंडारी ओबीसीतच आहेत आणि तिथला तो मोठा समाज आहे. माझ्या एका मावशीचं सासर पेडण्यात, म्हणजे सोयरीक हद्द ओलांडून चालूच असते. पण जातीचा दाखला हद्द ओलांडत नाही. राज्याच्या विद्यापीठात आरक्षण त्या राज्यातल्या लोकांना, त्या राज्याच्या यादीप्रमाणे. त्यामुळे सावंतवाडीला खेटे घालून काढलेला नॉन-क्रिमीलेयरचा दाखला फाइलमध्येच राहिला आणि मी खुल्या गटातून अर्ज केला. यात कोणाचा अन्याय वगैरे नाही, नियमच तसा आहे. पण तो आधी माहीत असेल तर त्या दाखल्यामागे घालवायचे दिवस वाचतात.

दुसरा कागद मायग्रेशनचा. विद्यापीठ बदललं की तो लागतोच. शेवटच्या सत्राची मार्कशीट हातात आल्याबरोबर त्याचा अर्ज करा, प्रवेशयादीत नाव येण्याची वाट बघू नका. माझं कॉलेजच्या पातळीवरच अडलं, कारण लिव्हिंग सर्टिफिकेट देणारे क्लार्क आजारी रजेवर आणि कपाटाची चावी त्यांच्याकडे. तोपर्यंत मी हमीपत्र लिहून तात्पुरता प्रवेश घेतला. मायग्रेशन अमुक मुदतीत आणून देईन, नाही दिलं तर प्रवेश रद्द झाला तरी तक्रार नाही, अशा अर्थाचं ते हमीपत्र. सही करताना पोटात गोळा येतो, पण बाहेरून आलेली बरीच मुलं तेच करत होती. प्रत्येक कागदाच्या निदान चार झेरॉक्स जवळ ठेवा आणि मूळ प्रती कोणालाही पोचपावतीशिवाय देऊ नका.

जुलैत हॉस्टेलवर गेले. पठार म्हणजे आपला सडाच, फक्त त्यावर इमारती उभ्या. पावसाळ्यात वारा असा की छत्री न्यायची ती उलटी करून घ्यायलाच. रेनकोट घ्या, तोही पँटवाला. पहिल्या महिन्यात चपलांना, बॅगेला आणि सुती ओढणीला बुरशी आली. दाखल्यांची फाइल मी तेव्हापासून तांदळाच्या जाड प्लास्टिक पिशवीत ठेवते. ऑक्टोबर उजाडला की मात्र त्याच पठारावरून संध्याकाळी झुआरीचं मुख आणि समुद्र दिसतो आणि सगळं माफ करावंसं वाटतं.

येण्याजाण्याबद्दल एक बारीक गोष्ट. मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, पण ती सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. पणजीच्या गाडीत कंडक्टर हद्दीपर्यंत अर्धं आणि पुढे पूर्ण असा हिशोब लावतो. बांद्याहून चढलं तर हद्द पाचेक किलोमीटरवर, म्हणजे वाचतात ते किरकोळ. सावंतवाडी-कुडाळहून येणाऱ्या मुलींना थोडा फायदा होतो. जेवण, गाडीभाडं, झेरॉक्स असा माझा महिन्याचा खर्च साडेचार ते पाच हजारांत बसायचा. त्यात घरून येणारे कुळीथ, सोलं आणि सुके बांगडे धरलेले नाहीत. हॉस्टेलवर सुके बांगडे भाजायला परवानगी नसते, हेही सांगून ठेवते.

पहिलं सत्र जड गेलं. मार्क्स, दुर्खीम, वेबर ही नावं बीएला मराठीतून पाठ केलेली. इथे त्यांचे उतारे इंग्रजीतून, आणि वर्गात त्यावर बोलायचं. माझी रूममेट सासष्टीची. ती कोंकणी बोलणार, रोमी लिपीत लिहिणार आणि इंग्रजी पाण्यासारखं. मी वर्गात पहिले दोन महिने गप्प. उपाय म्हणून जे केलं ते साधं होतं. उतारा वाचण्याआधी त्या विषयावरची मराठी विश्वकोशातली नोंद वाचायची, ती ऑनलाइन फुकट मिळते. मग इंग्रजी उतारा, आणि समासात मराठीत एका ओळीत गाभा. परीक्षेत उत्तर इंग्रजीतच लिहायचं असतं, पण विचार मराठीत स्पष्ट झालेला असला की मोडकंतोडकं इंग्रजीही चालून जातं. दुसऱ्या सत्रात मी वर्गात तोंड उघडलं, विषय होता ग्रामदेवतेचे मान-पान, आणि त्यावर माझ्याइतकं बोलण्यासारखं तिथे कोणाकडेच नव्हतं.

विद्यापीठातल्या आमच्या सामाजिक शास्त्रांच्या स्कूलला दामोदर धर्मानंद कोसंबींचं नाव आहे. ते गोव्यातले, १९०७चा जन्म, पेशाने गणिती आणि इतिहासाच्या अभ्यासासाठी गावोगाव पायी हिंडलेले. शिक्षक क्षेत्रकार्याचा विषय निघाला की त्यांच्याकडे बोट दाखवायचे. आम्हाला तेव्हा वाटायचं, हे भाषणापुरतं ठीक आहे. मग लघुप्रबंधाची, म्हणजे स्वतः माहिती गोळा करून लिहायच्या छोट्या प्रबंधाची वेळ आली.

विषय तिसऱ्या सत्रात ठरवायचा असतो, २०२४च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. सोमवारी पहाटेची गाडी पकडायला मी बांद्याच्या नाक्यावर यायचे तेव्हा अजून अंधार असायचा आणि पत्रादेवीच्या दिशेने मोटरसायकलींची रांग चाललेली असायची. जॅकेट, मागे डब्याची पिशवी, काहींच्या मागे बहीण नाहीतर बायको. कंत्राटदारांच्या बसगाड्या वेगळ्याच. सगळे कारखान्यांत चाललेले, कोणी तुयें, कोणी पिळर्ण, कोणी थेट वेर्णा. माझा भाऊही त्यातलाच. रोज सकाळी दुसऱ्या राज्यात जाऊन रात्री आपल्या राज्यात झोपणारी ही माणसं, एवढाच माझा विषय. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी तो ऐकला आणि एकच विचारलं, "किती जण आहेत?"

हे शोधण्यात दोन आठवडे गेले. जनगणनेत बी-२८ नावाचा तक्ता आहे. घरापासून कामाची जागा किती लांब आणि माणूस कशाने जातो, पायी, सायकलने, बसने, हे त्यात जिल्ह्यावार दिलेलं असतं. पण तो २०११चा आहे, पुढची जनगणना २०२१ला झालीच नाही. आणि त्यात अंतर विचारलं आहे, वाटेत राज्य बदलतं का हे विचारलेलं नाही. म्हणजे रोज डोळ्यांसमोरून जाणारी ही रांग सरकारी तक्त्यात वेगळी दिसतच नाही. मी तोंड पाडून हे मॅडमना सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या, "मग हाच तुझा पहिला परिच्छेद." सामाजिक शास्त्रात आकडा न मिळणं हीही माहिती असते, हे मला त्या दिवशी कळलं.

पार्श्वभूमीच्या प्रकरणात मात्र मजा आली. १६ जानेवारी १९६७ला गोव्यात जनमत कौल झाला, प्रश्न होता महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं, आणि गोव्याने वेगळं राहणं निवडलं. ३० मे १९८७ला ते घटक राज्य झालं. आणि २०१८ साली, गोव्याच्या सरकारी इस्पितळात बाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झाल्यावर, आमच्या दोडामार्ग तालुक्यातल्या लोकांनी उलटी मागणी केली, आम्हालाच गोव्यात घ्या. पन्नास वर्षांत वारा कसा फिरला ते वर्तमानपत्रांच्या जुन्या कात्रणांत बघत बसले की मेसची वेळ टळायची.

क्षेत्रकार्य नोव्हेंबर ते जानेवारी. आधी एका औषध कंपनीला रीतसर पत्र दिलं, विभागाच्या शिक्क्यासह, कामगारांशी आवारात बोलू द्या म्हणून. महिनाभर "साहेब मीटिंगमध्ये आहेत". मग तोंडी नकार. तुमच्या विषयात कारखाना येत असेल तर त्या परवानगीवर सगळी भिस्त ठेवू नका. माणसं गेटच्या बाहेरही भेटतात. मला भेटली ती बांद्याच्या चहाच्या टपरीवर, पहाटे पाचच्या सुमाराला, गाडी येईपर्यंतच्या दहा-पंधरा मिनिटांत. तेवढ्यात ओळख करून घ्यायची, नंबर घ्यायचा आणि रविवारी घरी जायचं. एकाने दुसऱ्याचं नाव सांगायचं, दुसऱ्याने तिसऱ्याचं. अशा वीसेक मुलाखती जमल्या, बांदा, सातार्डा आणि खाडीकाठच्या आरोंद्यातल्या. आरोंद्याची माणसं किरणपाणीच्या पुलावरून पलीकडे जातात.

संमतिपत्र हा प्रकार आम्हाला सक्तीचा होता. कशासाठी विचारतोय, नाव गुप्त राहील, मध्येच थांबायची मोकळीक आहे, असं लिहिलेला कागद आणि खाली सही. कागद पुढे केला की माणसं सावध व्हायची. "तू सरकारातसून इलंस काय?" "लोनचा हा काय?" एका काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू लिवलंस म्हणान पगार वाढतलो काय?" मी नाही म्हटलं. "मगे विचार," म्हणाले आणि पुढे तासभर बोलले. तेव्हापासून कागद शेवटी काढायला लागले, आधी तोंडी सगळं सांगायचं आणि बोलणं सुरू करण्यापुरता होकार घ्यायचा. मॅडमनी याला मान्यता दिली, पण तसं प्रबंधात लिहायला लावलं.

पुरुष काय सांगायचे ते थोड्या दिवसांत अंदाजाने कळायला लागलं. गोव्यात खोली घेतली तर पगार भाड्यात जातो. इकडे घर आहे, दोन मुडे भात होतं, रेशन कार्ड आहे, चवथीचा गणपती आहे. ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा दवाखाना कारखान्याच्या बाजूला, आजारी पडायचं मात्र घरी. रात्रपाळी करून हायवेवरून येताना डोळा लागतो, आणि त्या रस्त्यावर कोण कोण गेलं त्यांची नावं प्रत्येकाकडे होती.

बायकांच्या मुलाखती मिळवणं खरं कठीण. आठवड्यातला एकच दिवस त्यांच्या हातात आणि त्या दिवशी आठवड्याचे कपडे, दळण, पाहुणे. एक वैनी औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला आहेत. त्यांनी मला "येवा, पण मी बसान बोलूचंय नाय" असं सांगूनच बोलावलं. मागीलदारी त्या बांगडे साफ करत होत्या. मी रेकॉर्डर पाण्याच्या पिंपावर ठेवला, त्यामुळे त्या मुलाखतीत मध्येमध्ये फक्त नळाचा आवाज आहे आणि मांजराला हाकलणं. तासभर झाल्यावर हात धुऊन त्यांनी कामाची पिशवी दाखवली. ओळखपत्र, डबा, केसांच्या जाळ्या, आणि तळाशी रुमालात गुंडाळलेला जुना पितळी करंडा. औषधांच्या कारखान्यात आत जाताना अंगावर काही चालत नाही, बांगड्या नाहीत, मंगळसूत्र नाही, टिकली नाही. वैनी घरातून सगळं घालून निघतात. बस गेटजवळ येताना उतरवून करंड्यात ठेवतात, संध्याकाळी उतरण्याआधी परत घालतात. बसमधल्या सगळ्याच जणी तसं करतात, कोणाचा करंडा, कोणाची मोबाइलची डबी. "घराकडसून तशीच निघाक काय झाला?" मी विचारलं. "वाटेत सासऱ्याचो भाव आसा, दुकान आसा, देवूळ आसा," वैनी म्हणाल्या. "गेटीर कोण आसा आमचा?" माझ्या चौथ्या प्रकरणाची सुरुवात या करंड्याने झाली.

घरचा माणूस मात्र हाती लागला नाही. भावाला मुलाखत मागितली तर तो म्हणाला, "माका काय विचारतंस, बघतंस नाय?"

फेब्रुवारी-मार्च लिहिण्यात. एक तासाचं रेकॉर्डिंग कागदावर उतरवायला मला पाच-सहा तास लागायचे, कारण फोनच्या बोलून टाइप करण्याच्या सोयीला मालवणी कळत नाही. रोज थोडं उतरवत गेलात तर वाचाल, साठवलंत तर मान मोडेल. साम्यतपासणीचा, म्हणजे मजकूर कुठून उचललेला नाही ना ते बघणारा अहवाल, घोषणापत्र, मार्गदर्शकांचं प्रमाणपत्र, सगळ्यांचे नमुने विभागात मिळतात, ते आधीच मागून घ्या. छपाई आणि हार्डबाइंडिंगला प्रत्येक प्रतीमागे साडेतीनशेच्या आसपास गेले. पेट्रोल, चहा, झेरॉक्स धरून लघुप्रबंधाचा एकूण खर्च आठ-नऊ हजार झाला. बाइंडिंगवाल्याकडे शेवटच्या आठवड्यात अख्खं पठार येतं, तेव्हा दोन दिवस हाताशी ठेवून जा.

एप्रिलच्या अखेरीला व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तक्ते उलटले, संदर्भांतली एक स्वल्पविरामाची चूक दाखवली आणि मग विचारलं, "तुमचा भाऊ यात आहे, असं तुम्ही लिहिलंय. त्याची मुलाखत कुठे आहे?" मी त्याचं उत्तर जसंच्या तसं मालवणीतून सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, हे वाक्य प्रबंधात असायला हवं होतं. वीस मिनिटांत सुटले. निकाल यथावकाश लागला, आता नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेची तयारी चालू आहे. पीएचडीसाठी दुसरीकडे गेले तर पुन्हा मायग्रेशन काढायचं आहे, या वेळी उलट्या दिशेने.

एक काम मी स्वतःहून केलं. ज्यांनी वेळ दिला त्यांच्यासाठी दोन पानांचा मराठी सारांश छापला, नावं आणि गावं बदलून, आणि मे महिन्यात वाटला. टपरीवाल्याने तो पाच मिनिटांत वाचून "बरा लिवलंस" म्हणून गल्ल्याखाली ठेवला. आठ दिवसांनी वैनींचा फोन. सासूबाईंनी नातवाकडून सारांश वाचून घेतला होता आणि करंड्यापाशी त्याला थांबवून सुनेला विचारलं होतं, "गो, करंडो तो माझोच मां?" तो त्यांचाच होता, आणि दोन वर्षं त्या तो माळ्यावर शोधत होत्या. नाव बदललं की माणूस लपतो, हे पुस्तकात ठीक आहे, गावात वस्तूही बदलाव्या लागतात. उरलेल्या प्रतींमधून मी करंडा काढला. इथे लिहिण्याआधी मात्र वैनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "आता लिव गो, आता काय लपवूचा आसा? माका सासूनच नवो डबो दिल्यान, प्लास्टिकचो."